रोमिओ-ज्युलिएट: सगळं खापर ताऱ्यांवरच फोडायचं का?

शाईचा डाग:
एम.ए.च्या अंतर्गत मूल्यमापनासाठी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधली नियती आणि पूर्वसूचना या विषयावर मराठीत दीर्घ निबंध लिहायचा आहे. बाजारातल्या गाइडांमधलं उत्तर ठरलेलं असतं. प्रस्तावनेतच ताऱ्यांचा कोप सांगितलाय, म्हणून ही नियतीची शोकांतिका, त्याखाली अशुभसूचक वाक्यांची यादी, संपलं.

माझं घोडं त्या यादीपाशीच अडतंय. अर्धी वाक्यं मला पूर्वसूचना वाटतच नाहीत. ‘त्याचं लग्न झालेलं असेल तर माझी कबर हीच माझी शेज’ असं ज्युलिएट म्हणते, पण ते प्रेमात पडलेली कुठलीही मुलगी म्हणेल. शिवाय ज्युलिएट औषधाने नुसती मेल्यासारखी निजली आहे हे रोमिओला कळवणारं पत्र घेऊन निघालेला फ्रायर (मठातला भिक्षू) जॉन साथीमुळे अडकतो आणि पत्र पोचत नाही, ही नियती म्हणायची की निव्वळ योगायोग? योगायोग म्हटला तर मग ताऱ्यांचं काय करायचं? आणि शेवट पहिल्याच मिनिटाला सांगून टाकल्यावर पूर्वसूचनांची गरज तरी काय उरते?

अंक-प्रवेशासकट सांगितलंत तर उपकार होतील.

तळटीप:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीचे दोन त्याच्यावरच उभे आहेत.

प्रस्तावना म्हणणाऱ्या कोरसचं, म्हणजे निवेदकाचं, सुनीत 14 ओळींचं. ताऱ्यांचा कोप झालेलं जोडपं, मरणाची खूण लागलेलं प्रेम, पोरांच्या मृत्यूशिवाय न संपणारं आईबापांचं वैर, आणि हे सगळं दोन तासांत तुमच्यासमोर येणार, एवढं त्यात सांगून होतं. ‘काय होणार’ हा प्रश्न तिथेच निकालात निघतो. प्रेक्षकाला बातमी मिळालेली आहे, पात्रांना मिळालेली नाही. यापुढच्या प्रत्येक पूर्वसूचनेचं काम म्हणजे हे अंतर जाणवून देणं. पात्र खरं बोलून जातं आणि आपण खरं बोललो याचा त्याला पत्ता नसतो.

म्हणून वाक्य सापडलं की चार रकाने भरा: कोण बोलतं, कोणाला, बोलणाऱ्याला स्वतःला त्या घडीला काय ठाऊक आहे, आणि ते पुढे कुठल्या प्रवेशात, काय बदल होऊन खरं ठरतं. चौथा रकाना कोरा राहिला तर ते वाक्य यादीतून काढा. ती नुसती उदासी आहे, आणि पहिल्या अंकातल्या रोमिओकडे उदासीला तोटा नाही.

आता तुमचं कबरीचं वाक्य (1.5, म्हणजे पहिला अंक, पाचवा प्रवेश). ते कुठल्याही मुलीचं वाटतं हे खरं, आणि त्यातच त्याची ताकद आहे. ज्युलिएट अट घालते: त्याचं लग्न झालेलं असेल तर. अट खोटी ठरते, परिणाम मात्र खरा होतो. शिवाय शेज आणि कबर ही जोडी तिच्या तोंडून सुटते ती नाटकभर तोंडं बदलत फिरते. 3.5 मध्ये ज्युलिएट पॅरिसशी ठरवलेलं लग्न नाकारते तेव्हा आई रागाने म्हणते, हिचं लग्न थडग्याशीच लागो. त्याच प्रवेशात ज्युलिएट आईला विनवते की लग्न लांबवा, नाहीतर माझी शेज मेलेला मामेभाऊ टिबॉल्ट निजलाय त्या दफनाच्या तळघरातच घाला. 4.5 मध्ये बाप पॅरिसला सांगतो की मृत्यूच माझा जावई झाला. आणि 5.3 मध्ये ती खरोखर त्याच तळघरात, टिबॉल्टपासून थोड्या अंतरावर असते. एक वाक्य सुटं उद्धृत केलंत तर परीक्षक म्हणेल, बरं मग? साखळी दाखवलीत तर मुद्दा उभा राहतो.

1.4 च्या शेवटचं रोमिओचं भाषण अर्धवट उद्धृत करायची चूक फार जण करतात. मेजवानीच्या दाराशी तो म्हणतो की ताऱ्यांत अजून लटकत असलेलं काहीतरी आज रात्रीच्या जल्लोषापासून आपली मुदत सुरू करणार आणि अकाली मरणाने माझ्या आयुष्याची वसुली करणार. तारीख, मुदत संपणं, जप्ती ही सगळी कर्जरोख्याची भाषा आहे. गाइडं इथे थांबतात. पण पुढच्याच ओळीत तो सुकाणू ‘ज्याच्या हाती आहे’ त्याच्यावर हवाला ठेवून मित्रांना चला म्हणतो. धोका जाणवलेला माणूस स्वतःच्या पायाने आत जातो. ही ओळ गाळली की नियती एकटीच उरते आणि रोमिओची निवड अदृश्य होते.

उलटी पूर्वसूचना हवी असेल तर 5.1. रोमिओला स्वप्न पडतं: तो मेलेला आहे, ज्युलिएट येते, चुंबनाने त्याच्यात प्राण फुंकते आणि तो सम्राट होऊन उठतो. तो खूश आहे, आज चांगली बातमी येणार म्हणतो. 5.3 मध्ये ती खरंच त्याला मेलेला पाहते, खरंच ओठांचं चुंबन घेते, पण ओठांवर उरलेलं विष मिळावं म्हणून. स्वप्नातला शेवटचा तुकडा तेवढा गळून पडतो. इथे चौथा रकाना सगळ्यात भारी भरतो.

दोघांचं लग्न लावणाऱ्या फ्रायर लॉरेन्सचं ‘उग्र सुखांचा अंत उग्रच’ (2.6) मी वेगळ्या खणात ठेवीन. तो इशारा आहे, शकुन नव्हे. त्याला सर्वसाधारण नियम ठाऊक आहे, ही विशिष्ट घटना नाही. आणि सल्ला देऊन झाल्यावर तो स्वतःच मिनिटभरात दोघांना लग्न लावायला घेऊन जातो.

टपाल-हशील:
पत्राबद्दल लिहितो. ‘साथ आली म्हणून पत्र अडलं’ हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण ती साखळीची शेवटची कडी आहे. मागे चला.

3.3 च्या शेवटी हद्दपार झालेल्या रोमिओला मँटुआ शहरी पाठवताना फ्रायर लॉरेन्स स्पष्ट सांगतो की तुझ्या नोकराला मी गाठेन आणि इथली प्रत्येक बरी बातमी त्याच्याकरवी तुला कळवत जाईन. नोकर म्हणजे बाल्थाझार. चौथ्या अंकात प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा तो बाल्थाझारला गाठतच नाही, पत्र दुसऱ्या फ्रायरच्या हाती देतो. परिणाम असा की बाल्थाझारला बेताचा गंधही नाही. तो ज्युलिएटला तळघरात ठेवताना पाहतो आणि घोडा काढून थेट मँटुआ गाठतो. 5.1 मध्ये रोमिओ त्याला विचारतो, फ्रायरची पत्रं आणलीस ना? निघायचा निर्णय घेऊन झाल्यावर पुन्हा एकदा विचारतो, माझ्यासाठी पत्र नाही? नाही, धनी. आणि रोमिओ म्हणतो, असू दे. ज्या माणसाकरवी निरोप यायचं ठरलं होतं तोच माणूस समोर निरोपाविना उभा आहे. हे ताऱ्यांनी केलेलं नाही.

दुसरी कडी वाराची. 3.4 मध्ये सोमवारी रात्री ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट मोठ्याने हिशोब करतो: बुधवार फार लवकर होईल, गुरुवार धरू. फ्रायरचा बेत याच गुरुवारावर बेतलेला: ज्युलिएटने बुधवारी रात्री औषध घ्यायचं, 42 तास निपचित पडायचं, दरम्यान पत्र पोचणार. पण मंगळवारी ती बापासमोर गुडघे टेकून आज्ञाधारकपणाचं सोंग इतकं छान वठवते की म्हातारा हरखून म्हणतो, उद्याच उरकू (4.2). बायको सांगते की गुरुवारपर्यंत थांबा, सामानसुमान अपुरं पडेल. तो ऐकत नाही. औषध एक रात्र आधी घ्यावं लागतं आणि पत्राच्या हातचा अख्खा दिवस जातो.

त्यानंतर साथ. सोबतीला घ्यायचा फ्रायर नेमका आजाऱ्यांना भेटायला गेलेला, त्याला शोधत जॉन त्या घरी जातो, शहराचे तपासनीस दार बंद करतात (5.2). त्याला मँटुआला जाता येत नाहीच, पत्र परत पाठवायलाही कोणी तयार होत नाही.

आणि सगळं होऊनही अर्ध्या तासाने चुकतं. 5.3 मध्ये फ्रायर बाल्थाझारला विचारतो की रोमिओ आत जाऊन किती वेळ झाला? चांगला अर्धा तास.

शेक्सपिअरची मुख्य आधारकथा म्हणजे आर्थर ब्रूकचं 1562 चं दीर्घकाव्य. त्यात ही गोष्ट सुमारे नऊ महिने चालते, जोडप्याला एकत्र काळ मिळतो आणि कवी उठसूट दैवाच्या चाकाला दोष देतो. नाटकात तेच रविवार सकाळ ते त्याच आठवड्यातली एक पहाट असं आवळलंय. दैवाचं नाव कमी घेतलं आणि घड्याळ घट्ट केलं. निबंधात नियतीबद्दल एकच सिद्धांत मांडायचा असेल तर मी हा मांडीन: तारे शेवट सांगतात, पण त्या शेवटापर्यंतची वाट या नाटकात माणसांची घाई बांधते.

एक सावधगिरी. 42 तासांचं गणित फळ्यावर मांडायला जाऊ नका. मंगळवारी रात्री घेतलेल्या औषधाचे 42 तास गुरुवारी दुपारी किंवा संध्याकाळी संपतात, पण ती जागी होते पहाटेच्या आधी. गुरुवारची पहाट धरली तर तास कमी पडतात, शुक्रवारची धरली तर जास्त होतात. पहारेकरी तिला पुरून दोन दिवस झाले म्हणतो तेही पहिल्या हिशोबात बसत नाही. नाटक बघताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. निबंधात मात्र ‘बरोबर 42 तासांनी’ असं लिहिलंत की अडकलात.

पंचांगवाले:
वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम, पण ‘नियती’ हा एकच डबा करून त्यात सगळं कोंबलं जातंय. नाटकात निदान तीन वेगळ्या शक्तींची नावं येतात आणि एलिझाबेथच्या काळातला प्रेक्षक त्या वेगळ्या ओळखत होता.

तारे: त्या काळचा रूढ समज असा की तारे कल देतात, सक्ती करत नाहीत. ज्योतिष ही चोरून करायची गोष्ट नव्हती. राणीच्या राज्याभिषेकाचा दिवस, 15 जानेवारी 1559, जॉन डी या ज्योतिषी-गणितज्ञाने काढून दिला होता. पण सगळं ताऱ्यांवर ढकलणं चर्चला मान्य नव्हतं, कारण मग पापाची जबाबदारी कोणाची? शेक्सपिअरची इतर पात्रंही याची खिल्ली उडवतात. ‘ज्युलियस सीझर’मध्ये कॅशियस दोष ताऱ्यांत नाही आपल्यात आहे म्हणतो, ‘किंग लिअर’मध्ये एडमंड तर ताऱ्यांना दोष देण्याला जगातला अव्वल मूर्खपणा ठरवतो. दोघेही धडधडीत सज्जन नव्हेत, हेही ध्यानात ठेवा.

दैव म्हणजे फॉर्च्युन: चाक फिरवणारी चंचल बाई. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसच्या ज्या ग्रंथातून ही कल्पना युरोपभर पसरली त्याचं भाषांतर खुद्द एलिझाबेथ राणीने 1593 मध्ये केलं होतं. टिबॉल्टला मारल्यावर रोमिओ स्वतःला या बाईच्या हातचं खेळणं म्हणवतो (3.1). ज्युलिएट 3.5 मध्ये तिच्याशी थेट बोलते, आणि तिचा युक्तिवाद गमतीचा आहे: तू चंचल आहेस ना, मग त्याला फार दिवस ठेवून घेणार नाहीस, परत पाठवशील. तारे अढळ असतात, चाक मात्र पुन्हा फिरू शकतं. तिची आशा त्या फरकावर उभी आहे.

तिसरा ईश्वर. फ्रायर तळघरात म्हणतो की आपण अडवू शकणार नाही अशा मोठ्या शक्तीने आपले बेत उधळले, आणि शहराचा अधिपती प्रिन्स शेवटी म्हणतो की तुमची सुखं प्रेमानेच मारायची वाट स्वर्गाने शोधली. फ्रायरच्या वाक्यावर मात्र शंका घ्याच. निरोप्या बदलणारा माणूस ते बोलतोय, आणि बोलून झाल्यावर पहाऱ्याच्या आवाजाने घाबरून मुलीला प्रेतांजवळ एकटी सोडून पळतोय.

तळटीप यांनी सुकाणूची ओळ काढलीच आहे तर तिचा माग पुढे काढा, फार सुंदर लागतो. 1.4 मध्ये सुकाणू ईश्वराकडे. 2.2 मध्ये बागेत रोमिओ म्हणतो, मी काही नावाडी नाही, पण तू दूरच्या समुद्रापलीकडे असतीस तरी तुझ्यासाठी निघालो असतो. 3.1 मध्ये मित्र मर्क्युशिओ मेल्यावर तो दयेला रजा देतो आणि यापुढे संतापच माझा वाटाड्या म्हणतो. 5.3 मध्ये हातातल्या विषाला तो कडू वाटाड्या, जिवावर उदार झालेला सुकाण्या म्हणतो आणि थकलेलं जहाज खडकावर घाल म्हणून सांगतो. ईश्वर, मग संताप, मग विष. हे हस्तांतर रोमिओ स्वतः करतो, प्रत्येक वेळी मोठ्याने जाहीर करून.

आणि एक विनंती. मराठीत लिहिताना प्राक्तन, संचित, पूर्वजन्मीचं फळ असे शब्द हाताशी येतील. टाळा. या दोघांनी मागे काही केलंय म्हणून ते मरत नाहीत. कर्मसिद्धांतात फळ ज्याचं त्याला मिळतं, इथे आईबापांच्या वैराचं फळ पोरांना मिळतं, आणि त्या वैराचं कारण तर नाटकात कुठे सांगितलेलंच नाही.

शाईचा डाग:
बाल्थाझारचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. 1.2 मधला निरक्षर नोकर रोमिओलाच यादी वाचून दाखवायला सांगतो, हा योगायोग कुठे बसवायचा? आणि शब्दांशिवाय, नुसत्या रंगमंचावरून दिलेल्या पूर्वसूचना असतात का?

टपाल-हशील:
नोकराचा प्रसंग शुद्ध योगायोग आहे, आणि तो तसाच राहू द्या. कॅप्युलेटने ज्याला वाचता येत नाही अशा माणसाच्या हाती आमंत्रितांची यादी दिली. तो रस्त्यात विचारतो, वाचता येतं का? रोमिओ विव्हळतो: येतं, माझ्या दुःखात लिहिलेलं माझं नशीब वाचता येतं. उत्तर आधी जिच्यावर जीव होता त्या रोझलाइनच्या विरहात दिलेलं, पण त्याच यादीने त्याचं खरं नशीब सुरू होतं. शिवाय तो मेजवानीला जातो ते यादीत रोझलाइनचं नाव आहे म्हणून. योगायोगाने फक्त दार उघडलं.

गोष्टीच्या तोंडाशी असलेला योगायोग प्रेक्षक चालवून घेतो. शेवटी आलेला चालवून घेत नाही, लेखकाने फसवलं म्हणतो. म्हणून पाचव्या अंकातल्या साथीची तयारी तिसऱ्यात करून ठेवलेली आहे. मरताना मर्क्युशिओ तीनदा म्हणतो, तुमच्या दोन्ही घराण्यांवर प्लेग येवो. त्या क्षणी ती शिवी असते. 5.2 मध्ये खरा प्लेग एका दाराला कुलूप घालतो आणि त्यातून दोन्ही घरांचे वारस जातात. 1592 ते 1594 या काळात साथीपायी लंडनची नाट्यगृहं बहुतांश बंद होती आणि हे नाटक त्यानंतर साधारण वर्षा-दोन वर्षांतलं. बंद केलेलं दार त्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

विंगेतून:
दुसऱ्या शंकेचं उत्तर: भरपूर असतात, आणि वाचणाऱ्याच्या हातून नेमक्या त्याच निसटतात.

3.5 मधला निरोप घ्या. ज्युलिएट वर सज्जात, रोमिओ दोरीच्या शिडीने खाली उतरलेला. ती म्हणते की तू मला थडग्याच्या तळाशी पडलेल्या मेलेल्या माणसासारखा दिसतोस. ही ओळ उंचीवर अवलंबून आहे. ती वरून खाली बघते म्हणूनच त्याचा चेहरा पांढरा आणि तो खड्ड्यात असल्यासारखा दिसतो. दोघांना एकाच पातळीवर उभं केलं की वाक्य नुसतं अशुभ बडबडणं होतं. यानंतर ती त्याला जिवंत पाहत नाही.

दुसरं, 4.3 चा पलंग. 1597 च्या क्वार्टोत (नाटकाच्या सुट्या छापील प्रतीत) सूचना आहे की ती पडद्यांच्या आत पलंगावर कोसळते. 4.4 मध्ये पलंग हलवलेला नाही. पडद्याआड ती निपचित, आणि पुढ्यात खजूर आणा, क्विन्स आणा, लाकडं आणा अशी लग्नघाई, म्हातारा रात्रभर जागून स्वयंपाक्यांच्या मागे लागलेला. हा प्रवेश विनोदी म्हणून काटछाटीत पहिला जातो. तो गेला की 4.5 मधला ‘सणासाठी केलेलं सगळं आता अंत्यविधीला लावा’ हा कॅप्युलेटचा आक्रोश हवेत लटकतो, कारण प्रेक्षकाने ती तयारी पाहिलेलीच नसते.

तिसरं मशाल. प्रयोग दुपारी उघड्या नाट्यगृहात व्हायचा, त्यामुळे रात्र दाखवायला मशालच. 1.4 मध्ये नाचायला नकार देत रोमिओ म्हणतो, मशाल माझ्याकडे द्या, मी जड मनाचा आहे, उजेड मीच धरतो. 5.3 ची पहिली ओळ पॅरिस आपल्या नोकराकडून मशाल मागतो तीच, आणि थोड्या वेळाने रोमिओही बाल्थाझारकडून उजेड मागून घेतो. तळघरात शिरल्यावर तो म्हणतो, हिच्या रूपाने हे तळघर उजेडाने भरलेला मेजवानीचा दिवाणखाना झालंय. दोन्ही प्रवेशांत वस्तू एकच वापरावी, निवेदनाची गरज पडत नाही.

बाकी एक ठाम मत. नटाने शकुनाची वाक्यं शकुन म्हणून बोलू नयेत. 1.5 मधलं कबरीचं वाक्य दाईकडे बघत, नावाची वाट पाहत, घाईघाईत जायला हवं. तिथे थांबून, प्रकाश मंद करून, सारंगीचा सूर सोडला की ज्युलिएटला शेवट माहीत असल्यासारखं वाटतं आणि तळटीप म्हणतात ते अंतर मिटतं. अपवाद 1.4, तिथे रोमिओला खरोखरच काहीतरी जाणवलेलं आहे. प्रस्तावना कापली असेल तर हे भाषण काही केल्या कापू नये, कारण मग प्रेक्षकाला मिळणारी पहिली बातमी तीच असते.

तळटीप:
प्रस्तावनेचा विषय निघालाच आहे तर: 1599 च्या क्वार्टोत ती आहे, 1623 च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित ग्रंथात) नाही. ‘शेक्सपिअरने प्रत्येक वाचकाला शेवट आधी सांगितला’ असं लिहू नका, फोलिओ वाचणाऱ्याला तो सांगितलेला नव्हता. कोरस दुसऱ्या अंकाच्या तोंडाशी आणखी एक सुनीत म्हणतो आणि मग परत येत नाही. त्यानंतरचं सगळं भाकीत पात्रांच्याच तोंडी आहे.

5.1 मधल्या त्या प्रसिद्ध ओळीचाही पाठ तपासा. ज्युलिएट गेल्याचं कळल्यावर रोमिओ 1597 च्या प्रतीत ताऱ्यांना आव्हान देतो, तर 1599 च्या प्रतीत ताऱ्यांना नाकारतो. बहुतेक संपादक आव्हानाचा पाठ घेतात. आव्हान देणारा ताऱ्यांची सत्ता मानून भांडतोय, नाकारणारा ती मानतच नाही, आणि दोन्ही अर्थांत तो पुढच्याच क्षणी ताऱ्यांना हवं तेच करायला निघतो. तुमच्या निबंधात हा परिच्छेद येणार असेल तर कुठल्या आवृत्तीतून ओळ घेतली ते तिथल्या तिथे नोंदवा. ओळींचे क्रमांक आवृत्तीगणिक सरकतात, विशेषतः गद्य असलेल्या प्रवेशांत, त्यामुळे सगळे संदर्भ एकाच आवृत्तीचे ठेवा.